योहानात दगड उचलतात ते नेमकं कशासाठी?

खानापूरकर:
बेळगावात रविवारी तासाभराचा बायबल अभ्यास असतो. काही जण मराठी प्रत आणतात, काही कन्नड. यावेळचा विषय: येशूच्या देवत्वाच्या दाव्यावर लोक एवढे का खवळतात. योहानाच्या शुभवर्तमानातलं ८:५८-५९ आणि १०:३०-३३ धरलंय, दोन्हीकडं लोक येशूला मारायला दगड उचलतात. आणखी काय घ्यावं, आणि घोळ कुठं होतो? सांगा की.

निपाणीचा वाचक:
योहान ५ पासून सुरू करा. ३८ वर्षं आजारी असलेला माणूस शब्बाथाला, म्हणजे यहूद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, बरा होतो. पहिली तक्रार फक्त बाज उचलल्याची. खरी ठिणगी १७व्या वचनात. जन्म-मृत्यू शब्बाथालाही होतात, म्हणजे देवाचं काम थांबत नाही, हे यहूदी गुरूही मानत. येशू म्हणतो, पिता काम करतो, मीही करतो. जी सूट फक्त देवाला, ती हा स्वतःला घेतोय! म्हणून १८व्यात ‘स्वतःला देवासमान करतो’ हा आरोप. आणि १०वा अध्याय ३३ला थांबवू नका, ३९पर्यंत न्या. ३४मध्ये येशू स्तोत्र ८२:६ (‘तुम्ही देव आहात’) पुढं करतो, ते गाळलं तर त्याचं उत्तरच गेलं.

शास्त्रप्रेमी:
घोळ म्हणाल तर ८व्या अध्यायात दगड दोनदा येतात. व्यभिचारी स्त्रीचा प्रसंग (८:१-११) वेगळ्या कायद्याचा, शिवाय सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तो नाही. ५९व्या वचनामागे लेवीय २४:१६ आहे, दुर्भाषणाची, म्हणजे देवनिंदेची, शिक्षा. लोक हे दोन्ही हमखास एकत्र करतात.
दुसरं, ‘यहूदी’ म्हणजे सगळा समाज असं कुणी वाचू लागला तर तिथंच अडवा. येशू आणि शिष्य यहूदीच. १०:१९-२१ मध्ये तर यहूद्यांतच फूट पडलेली दिसते.

कॅम्पकर:
येशूवरचा खटला राहिला की ओ. नुसतं ‘मी मशीहा’ (यहूदी ज्याची वाट पाहत तो तारणारा) म्हणणं दुर्भाषण नव्हे. १३२ साली रोमविरुद्ध उठलेल्या बार कोखबाला यहूदी गुरू रब्बी अकिवा यांनी मशीहा म्हटल्याची परंपरा आहे. त्यांना कुणी देवनिंदक ठरवलं नाही. मार्क १४:६२ मध्ये येशू दानीएल ७:१३ आणि स्तोत्र ११०:१ जोडतो, म्हणजे देवाच्या उजवीकडं बसायचं म्हणतो. मुख्य याजक वस्त्रं फाडतो ते त्यावर.
पिलातापुढं मात्र आरोप पालटतो. रोमी सुभेदाराला दुर्भाषणाशी काय देणंघेणं? म्हणून लूक २३:२ मध्ये कर आणि राजेपण. मूळ आरोप योहान १९:७ ला परत वर येतो.

खानापूरकर:
तासात बसेल?

निपाणीचा वाचक:
५:१-१८ ला १५ मिनिटं, ८:४८-५९ ला १०, १०:२२-३९ ला १५, मार्क १४:५३-६४ ला १५. उरलेल्या ५ मिनिटांत पिलात. पान नंबर सांगू नका, अध्याय-वचन सांगा. कन्नड प्रतवाल्यांनाही लगेच सापडतं.