पाण्यावरचा रंग नखावर उतरवताना : तुमचे अनुभव सांगा

मागच्या दिवाळीत पाडव्याच्या आदल्या रात्री भाचीची दहाही नखं वॉटर मार्बलने रंगवली. सव्वा तास लागला आणि दहापैकी चारच मनासारखी उतरली. पण ती चार इतकी देखणी होती की पोरगी भाऊबीजेपर्यंत हात पुढे करूनच बोलत होती. तेव्हापासून मला याचा नाद लागला आहे.

ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वाटीभर पाण्यात नेलपेंटचा थेंब सोडायचा. तो पसरला की त्याच्या मधोमध दुसऱ्या रंगाचा, त्यात पुन्हा पहिल्याचा. अशी पाचसहा कडी झाली की टूथपिकने आतून बाहेर रेघा ओढायच्या. नखाला आधी पांढरं नेलपेंट लावून वाळवलेलं असावं. ते नख नक्षीवर आडवं टेकवून पाण्यात बुडवायचं आणि बोट पाण्याखालीच ठेवून वर उरलेली रंगाची साय काडीने गोळा करून घ्यायची. मगच बोट बाहेर काढायचं. ही साय तशीच राहिली तर बोट वर येताना तीच नक्षीवर चिकटते. माझी सहा नखं त्यानेच बिघडली.

तुम्हाला काय जमलं, काय फसलं ते लिहा. पाणी कुठलं होतं, पंखा चालू होता का, बाटली किती जुनी होती हेही सांगा.

छत्रपती संभाजीनगरहून

माझा थेंब पसरतच नव्हता. पडला की वाटाण्याएवढा गोळा होऊन तिथेच बसायचा, नाहीतर थेट तळाला जायचा. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, बादलीला पांढरे थर चढतात, त्यामुळे दोष पाण्याचाच असं मी धरून चालले. मग फिल्टरचं पाणी घेतलं, बाटलीबंद आणलं, नेलपेंटही नवं घेतलं. महिनाभर रोज रात्री एकेक प्रयोग केला, पण काही फरक पडेना.

एका रविवारी वाटी सापडेना म्हणून चहाचा कागदी कप घेतला. थेंब सोडला आणि तो कपाच्या कडेपर्यंत सरसर पसरला! मी तशीच बघत बसले. मग उलगडा झाला. माझी वाटी रोज भांड्यांच्या साबणाने घासलेली असायची आणि घाईत नीट विसळलेली नसायची. तो साबणाचा अंश पाण्यात उतरायचा. तीच वाटी गरम पाण्याने चार वेळा धुऊन बोअरचं पाणी भरलं, तरी थेंब पसरला. तेव्हा बायांनो, पाण्याला नावं ठेवण्याआधी वाटी विसळा.

कोल्हापूरहून, रसायनशास्त्र शिकवणारी

संभाजीनगरच्या ताईंनी अगदी बरोबर पकडलं आहे. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभाग ताणून धरणारी ओढ, 25 अंश सेल्सिअसला सुमारे 72 मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. नेलपेंटमध्ये एथिल अ‍ॅसिटेट आणि ब्यूटिल अ‍ॅसिटेट ही रंग पातळ ठेवणारी द्रावकं असतात, त्यांचा 24-25 च्या आसपास. हा फरक मोठा असल्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग थेंबाला चहूबाजूंनी ओढून पसरवतो. साबण पाण्याचा पृष्ठताण खाली आणतो, मग ओढणारं कुणी उरतच नाही. आधीच्या बोटाची साय वाटीत राहिली तरी तेच होतं.

पसरल्यावर द्रावक उडून जातं आणि मागे नायट्रोसेल्युलोजचा पातळ पापुद्रा राहतो. आपण नखावर उतरवतो तो हा. म्हणून लवकर वाळणारं नेलपेंट इथे नको. जुन्या बाटलीतलं द्रावक आधीच उडालेलं असतं, तेही नको. थेंब पाण्याच्या अगदी जवळून सोडा. उंचावरून सोडला तर पृष्ठभाग फोडून तो बुडतो. माझ्या नववीच्या वर्गाला पृष्ठताण शिकवताना मी आता हेच करून दाखवते. मागच्या बाकावरच्या मुली त्या दिवशी पुढे येऊन बसतात.

डब्लिनहून

आमच्याकडे जानेवारीत नळाचं पाणी हाताला झोंबतं. त्यात थेंब घट्ट होऊन थांबायचा. म्हणून गरम पाणी घेतलं, तर दुसरा थेंब टाकेपर्यंत पहिल्यावर कातडं धरलेलं. आता रात्रीच तांब्या भरून ओट्यावर ठेवते, सकाळी ते पाणी घरातल्या हवेइतकं होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काळं-पांढरं केलं होतं, काळ्या साडीवर फार शोभलं. इथल्या मैत्रिणींनी पुढच्या वर्षीसाठी आत्ताच नंबर लावले आहेत.

नागपूरहून

मे महिना, कूलर सुरू, आणि मी मार्बल करायला बसले! तिसरं कडं टाकेस्तोवर पहिलं वाळून कडक. काडी लावली की पूर्ण नक्षीच काडीसोबत यायची. आता सकाळी सहाला, कूलर-पंखा बंद करून करते आणि काडी काठापासून लांब ठेवते, कारण काठ आधी वाळतो.

नाशिकहून, एका मुलीचा बाबा

बायकोची रात्रपाळी होती आणि दुसऱ्या दिवशी शाळेत स्नेहसंमेलन, म्हणून मी बसलो. नखापेक्षा बोटाला रंग जास्त लागतो हे कुणी सांगितलं नव्हतं. तिचं बोट दुसऱ्या पेरापर्यंत जांभळं झालं आणि रिमूव्हरने घासून घासून लाल. मला फार वाईट वाटलं. पुढच्या वेळी नखाभोवती फेव्हिकॉलचा हात फिरवला, तो पारदर्शक होईपर्यंत वाळू दिला. मार्बल झाल्यावर तो पापुद्रा रंगासकट सोलून निघाला. सोलायचं काम लेकीनेच केलं, तिला तोच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

रत्नागिरीहून, परिचारिका

ड्यूटीवर हाताला नेलपेंट चालत नाही. बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावताना रुग्णांचंसुद्धा आम्ही पुसून घेतो, गडद रंगामुळे आकडा चुकू शकतो. त्यामुळे माझी हौस पायांवर. पण पायाचा अंगठा वाटीत बुडवणार कसा? मग नक्षी पाण्यावरच पूर्ण वाळू देते, चिमट्याने पापुद्रा उचलून कागदावर टिपते आणि नखाच्या मापाने कापते. नखावर पारदर्शक नेलपेंटचा ओला हात देऊन वर बसवायचा, कडा रिमूव्हरच्या ब्रशने साफ करायच्या, वरून परत पारदर्शक हात. ज्यांचे हात थरथरतात त्यांनाही हे सोपं जाईल.

धागाकर्तीकडून

मधेच एक काळजीचं. नेलपेंट आणि रिमूव्हर दोन्ही पटकन पेट घेतात. सणाच्या दिवशी समई तेवत असते, गॅस सुरू असतो, तेव्हा दुसऱ्या खोलीत, खिडकी उघडून बसा. पंखा तेवढा बंद. आणि उरलेली साय मोरीत ओतू नका, काडीवर गुंडाळून वाळवून कचऱ्यात टाका.

पुण्याहून

माझ्या वडिलांचं बाइंडिंगचं छोटं दुकान होतं. हिशेबाच्या वह्यांना आतून लावायचा रंगीत ढगाळ कागद मी लहानपणापासून पाहिला, त्याला ते अबरी म्हणत. फारसीत अब्र म्हणजे ढग. तोही पाण्यावर तरंगणारा रंग कागदावर उतरवूनच बनतो, फक्त पाणी डिंकासारख्या पदार्थाने दाट केलेलं असतं. सतराव्या शतकात विजापूरला या अबरीतून चित्रं घडवली गेली. तुर्कस्तानात तिला एब्रू म्हणतात आणि 2014 साली युनेस्कोच्या वारसा यादीत ती गेली. आपली दखनी अबरी इतकी सुंदर असून घरोघरी तिचं नावही ठाऊक नाही, याची मला खंत वाटते.

वडिलांनी मला नखं रंगवताना पाहिलं आणि म्हणाले, "आपटू नकोस गं, कागद आम्ही एका कडेने टेकवत नेतो, म्हणजे हवा अडकत नाही." तेव्हापासून नख मुळाकडून टोकाकडे टेकवत नेते. बुडबुडे गेले.

सांगलीहून, वय 68

मी पाण्यावरची रांगोळी काढते. परातीत पाणी स्थिर होऊ द्यायचं, कोळशाची पूड भुरभुरवायची आणि त्यावर रांगोळी सोडायची. श्वास जोरात सोडला तरी ठिपका सरकतो. सूनबाईने नखांची वाटी मांडली तेव्हा मी म्हटलं, आधी दोन मिनिटं पाणी निवांत होऊ दे. तिने टेबलावरची वाटी जमिनीवर घेतली, आम्ही दोघी मांडी घालून बसलो. पहिली नक्षी माझ्या करंगळीवर उतरली, हिरवी आणि मोरपिशी. आठ दिवस मी भांडी घासताना हातमोजे घातले.