पश्चिम आफ्रिकेतल्या बाजारात पहिल्यांदा गेलात तेव्हा काय झालं? अनुभव सांगा

नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही घानात अक्राला राहायला जातोय. घर, व्हिसा, शाळा यांची माहिती मिळाली, पण रोजची भाजी-मासळी घ्यायची कशी हे कुणी नीट सांगत नाही. मकोला बाजाराचं नाव काढलं की लोक एकतर घाबरवतात नाहीतर हरखून जातात. घाना, नायजेरिया, टोगो, जिथे राहिला असाल तिथला पहिला अनुभव लिहा. बारीकसारीक तपशील असला तर फारच बरं.

अक्रा, बांधकाम कंपनीत नोकरी

ताई, घाबरू नका, पण मकोलाला शनिवारी जाऊ नका. मधल्या वारी सकाळी लवकर गाठा. मला आधी धडकी भरली ती गर्दीची. मागून 'आगो! आगो!' असा आवाज आला की पटकन बाजूला व्हायचं, डोक्यावर ओझं घेऊन कुणीतरी येत असतं. बहुतेक वेळा ती 'कायायो' असते, म्हणजे उत्तर घानातून पोटासाठी आलेली हमाल मुलगी. हिच्या डोक्यावरच्या ॲल्युमिनियमच्या परातीत पन्नास किलोचं पोतंही दिसेल. सामान तिच्याकडे द्या, पैसे आधी ठरवा आणि ठरल्यापेक्षा थोडे जास्तच द्या. कितीतरी जणींच्या पाठीला तान्हं मूल बांधलेलं असतं. मला ते बघवायचं नाही.

टोमॅटो, मिरच्या, कांदे वाट्यावर मिळतात. वाट्याचा भाव सहसा हलत नाही, त्यामुळे भाव पाडत बसू नका, वर टाकायला सांगा. 'आंटी' स्वतःच दोन-तीन टोमॅटो पिशवीत टाकते. गारी (कसाव्याच्या कंदाचा रवा), तांदूळ, चवळी 'ओलोंका' नावाच्या डब्यानं मोजतात. डबा शीग लावून भरतात, वरून दाणे ओघळेपर्यंत. फक्त डब्याचा तळ ठोकून आत घेतलेला नाही ना, तेवढं बघा. माल भरण्याआधी मी डबा हातात घेऊन बघायचे, कुणालाही राग यायचा नाही.

हा बाजार मुळात १९२४ सालचा. १९७९ मध्ये महागाईचं खापर तिथल्या विक्रेत्या बायकांवर फोडून लष्करी राजवटीनं तो सुरुंग लावून जमीनदोस्त केला. बायका पुन्हा येऊन बसल्या. ही गोष्ट मला शेजारच्या आजींनी सांगितली, आणि त्यानंतर त्या बायकांशी घासाघीस करताना माझा सूरच बदलला.

कुमासी

वरच्या ताईंना दुजोरा. आणखी एक, डाव्या हातानं पैसे देऊ नका. आपल्याला हे सांगावं लागत नाही, पण दोन्ही हातांत पिशव्या असल्या की विसरायला होतं. आणि भाव विचारण्याआधी नमस्कार-चमत्कार हवेतच. सकाळी 'माच्ये' म्हटलं की समोरची खुलते.

इथल्या केजेतिया बाजारात माझं मन रमलं ते दुपारी. एक माणूस वही घेऊन गाळ्यागाळ्यावर फिरत होता, प्रत्येकीकडून ठरलेली रक्कम घेऊन खूण करत होता. ही 'सुसु', आपली पिग्मीच म्हणा ना. महिनाअखेरीला साठलेले पैसे परत मिळतात, एका दिवसाची रक्कम त्याची. बँकेचं तोंड न बघता कित्येकींनी यावरच माल भरला, पोरं शिकवली.

लागोस

इथल्या बालोगुन बाजारात कापड आणि लेस घ्यायला जाच. इथे मात्र घासाघीस जोरात चालते, सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून सुरू करा. विकणारी तुम्हाला 'कस्टमर' म्हणेल, तुम्हीही तिला 'कस्टमर' म्हणा. सुटे पैसे ठेवा. न विचारता फोटो काढू नका.

लोमे, टोगो

कापडाचा विषय निघालाच आहे तर लिहिते. इथल्या 'नाना बेंझ' म्हणजे डच वॅक्स प्रिंटचा, म्हणजे मेण वापरून छापलेल्या सुती कापडाचा, घाऊक व्यापार हातात असलेल्या बायका, मर्सिडीझ गाड्यांवरून हे नाव पडलं. एकेका नक्षीच्या विक्रीचा हक्क एकेकीकडे असायचा. पुढे स्वस्त चिनी नकला आल्या, २०१३ मध्ये मोठ्या बाजाराला आग लागली, तरी धंदा चालूच आहे. आमच्या कापडवाल्या बाईंनी मला कापड पारखायला शिकवलं. आधी त्यांनी ते उलटं केलं. चांगल्या वॅक्सचा रंग दोन्ही बाजूंना सारखाच उतरतो आणि मेण तडकून पडलेल्या बारीक रेषा दर वारात वेगळ्या दिसतात. नंतर काठावरची छापील अक्षरं वाचून दाखवली. सहा वार घ्या. एक ड्रेस होतो, आणि उरलेल्यात पोरीचा फ्रॉक.

अक्रा, गृहिणी

खाण्याचं कुणीच लिहिलं नाही! भेंडी भरपूर मिळते. 'गार्डन एग' म्हणजे छोटी पांढरी-पिवळी वांगी, दाण्याचं कूट घालून भरली की मस्त होतात, फक्त किंचित कडवट असतात. 'कोंटोमिरे'च्या, म्हणजे अळूसारख्या पानांचं मी चिंच-गूळ घालून फदफदं करते. 'क्पाक्पो शितो' मिरची वासाला फार सुरेख, पण एकच घाला. येताना गोडा मसाला आणि कोकम तेवढं घेऊन या.