टेम्प्लेटला एन्टिटी द्यायची की डीटीओ?

निवांत_कोडर: डीटीओचं, म्हणजे पानाला लागतील तेवढीच फील्डं नेणाऱ्या वेगळ्या क्लासचं, खूळ पुरे करा. स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कच्या मॉडेलमध्ये (पानाला डेटा पोचवणाऱ्या पिशवीत) सरळ एन्टिटी, म्हणजे डेटाबेसच्या टेबलाशी जोडलेला क्लास, टाका आणि थायमलीफच्या एचटीएमएल टेम्प्लेटमध्ये हवं ते फील्ड काढा. त्याच दहा फील्डांचा दुसरा क्लास लिहून कोणाचं भलं झालंय?

रात्रपाळी: हे वाचून राहवलं नाही. "हवं ते फील्ड काढा" म्हणजे पान तयार होत असताना डेटाबेसला हाका मारत बसा. आमच्या ऑर्डरींच्या यादीत प्रत्येक ओळीत वस्तूंची संख्या दाखवायची होती. टेम्प्लेटमध्ये कुणीतरी सहज ऑर्डरच्या आयटम्सची साइझ विचारली. पानावर ऑर्डरी 50, क्वेरी 51: एक यादीची, मग प्रत्येक ऑर्डरच्या वस्तूंसाठी एकेक. माझ्या लॅपटॉपवर पान चटकन उघडायचं. गिऱ्हाईकाकडे ऐन दिवाळीत कनेक्शन पूल (डेटाबेसच्या जोडण्यांचा साठा) संपला आणि रात्री अडीचला फोन मला आला. स्प्रिंग बूटमध्ये ओपन-इन-व्ह्यू (पान तयार होईपर्यंत डेटाबेसचं सेशन उघडं ठेवणारं सेटिंग) मुळातच चालू असतं, म्हणून हे ध्यानातच येत नाही. अ‍ॅप सुरू होताना लॉगमध्ये इशारा येतो, पण तो वाचतो कोण?

निवांत_कोडर: मग फेच जॉइन लिहा की, ऑर्डरी आणि वस्तू एकाच क्वेरीत येतील! चूक क्वेरीची, खापर एन्टिटीवर.

रात्रपाळी: लिहिला. पण ओपन-इन-व्ह्यू बंद असतं तर पहिल्याच चाचणीत लेझी इनिशियलायझेशन एक्सेप्शन (सेशन बंद झाल्यावर न आणलेला डेटा मागितल्याची एरर) आलं असतं. चालू होतं म्हणून दिवाळीपर्यंत कळलं नाही.

जुनं_जेएसपी: तुमचं थायमलीफ निदान एस्केप तरी करतं, म्हणजे मजकुरातला टॅग चालू न देता नुसता अक्षरं म्हणून दाखवतं. आम्ही रिक्वेस्टला अ‍ॅट्रिब्यूट लावायचो आणि जेएसपीत (जावाच्या जुन्या पद्धतीच्या टेम्प्लेटमध्ये) डॉलर-महिरपी कंसात नाव लिहायचो. त्यात काहीच एस्केप होत नाही. सी-आउट हा एस्केप करून छापणारा टॅग विसरलात की संपलं. एकाने पत्त्याच्या रकान्यात स्क्रिप्टचा टॅग भरला, तो अ‍ॅडमिनच्या पानावर चालला.

कोल्हापूरकर: अजून जेएसपी? बूटच्या एक्झिक्युटेबल जारमध्ये (थेट चालवता येणाऱ्या एकाच फाइलमध्ये) ती चालतसुद्धा नाही. सोडा आता.

जुनं_जेएसपी: 400 पानं पुन्हा लिहायला तुम्ही येताय का? आणि थायमलीफवाल्यांनी फार ताठू नये. एस्केप न करता छापणारं टीएच-यूटेक्स्ट लिहिलं की तिथंही तेच भोक.

कोल्हापूरकर: यूटेक्स्ट मुद्दाम लिहावं लागतं. तुमच्याकडे नुसतं विसरलं तरी भोक पडतं. एवढा फरक दिसत नसेल तर बोलणंच खुंटलं.

जुनं_जेएसपी: दिसतो. 14 वर्षं तेच निस्तरतोय, मला शिकवू नका. नवं काम असतं तर मीही थायमलीफच घेतलं असतं, झालं समाधान?

निवांत_कोडर: मूळ मुद्दा बाजूलाच राहिला. एन्टिटी दिली म्हणून काही गळत नाही. टेम्प्लेट छापेल तेवढंच बाहेर जातं.

रात्रपाळी: थायमलीफच्या जावास्क्रिप्ट इनलाइनमध्ये (पानातल्या स्क्रिप्टमध्ये डेटा थेट लिहिण्याच्या सोयीत) अख्खा युजर देऊन बघा. जॅक्सन ही लायब्ररी त्याचे सगळे गेटर (फील्डमधला डेटा परत देणाऱ्या मेथड) वाचून जेसन बनवते. आम्हाला फक्त नाव हवं होतं. व्ह्यू सोर्स उघडलं तर नावाशेजारी पासवर्डचा हॅश.

निवांत_कोडर: आत्ता आमचं प्रोफाइलचं पान उघडून बघितलं. ईमेल, रोल, हॅश, सगळं आहे. ठीक आहे, युजरसाठी डीटीओ करतो. तालुक्यांच्या ड्रॉपडाउनसाठी मात्र अजिबात करणार नाही.

रात्रपाळी: तालुक्यांना नका करू. ते हॅशवालं पान आधी काढा, आजच.