शतांश सेकंदाची बरोबरी: डाउनहिलचे सुवर्णपदक विभागून द्यावे का?

काटेकोर (धागाकर्ता)

सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १२ फेब्रुवारी २०१४ रोजी महिलांच्या डाउनहिल शर्यतीत (बर्फाच्या उतारावरून एकेकीने स्कीवर खाली येण्याच्या शर्यतीत) स्वित्झर्लंडची डोमिनिक गिसिन आणि स्लोव्हेनियाची टीना माझे या दोघींची वेळ १ मिनिट ४१.५७ सेकंद अशी लागली आणि ऑलिंपिकमधील अल्पाइन (उतारावरच्या) स्कीइंगचे सुवर्णपदक प्रथमच विभागून दिले गेले. रौप्यपदक कोणालाच मिळाले नाही. अवघा एक दशांश सेकंद मागे पडलेल्या लारा गुटला कांस्यपदक मिळाले. दोघी विजेत्या हातात हात घालून व्यासपीठावर चढल्या, ते दृश्य सुंदरच होते. पण माझी हरकत दृश्याला नाही, नियमाला आहे.

या शर्यतींत वेळेची नोंद सहस्रांश सेकंदापर्यंत होते आणि निकाल लावताना शेवटचा अंक सरळ छाटून टाकला जातो. म्हणजे कोण पुढे होते हे यंत्राला ठाऊक असते आणि आपण ते विचारायचे नाही असे ठरवले आहे. त्याच सोचीत तीनच दिवसांनी पुरुषांच्या १५०० मीटर स्पीड स्केटिंगमध्ये पोलंडच्या झ्बिग्निएव्ह ब्रोदकाने नेदरलँड्सच्या कून फरवाइला तीन सहस्रांश सेकंदांनी मागे टाकले आणि ते सुवर्णपदक कोणी विभागून दिले नाही. ल्यूज या बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीत तर सहस्रांश हेच नेहमीचे माप आहे. मग डाउनहिललाच ही सवलत कशासाठी?

हिमरेषा

ही सवलत नाही, मोजमापाची मर्यादा ओळखणे आहे. स्पीड स्केटिंग बंदिस्त सभागृहातल्या सपाट बर्फावर होते. डाउनहिलमध्ये घड्याळ कसे सुरू होते ते आठवून पाहा. स्कीपटू दोन्ही काठ्या पुढे रोवतो, छाती सुटण्याच्या जागेवरच्या आडव्या दांडीच्या पलीकडे झोकून देतो आणि पाय शक्य तितका वेळ मागे ठेवतो. नडगी त्या दांडीला ढकलते तेव्हा कुठे वेळ मोजायला लागते. खाली शेवटच्या रेषेवर प्रकाशकिरण कशानेही तुटू शकतो, कोणाचा हाताने तर कोणाचा बुटाने. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारा माणूस एका शतांश सेकंदात सुमारे २८ सेंटिमीटर आणि एका सहस्रांशात तीन सेंटिमीटरांहूनही कमी अंतर कापतो. पुढे केलेल्या हाताने यापेक्षा मोठा फरक पडतो.

शिवाय गिसिन आठव्या क्रमांकाने सुटली होती आणि टीना माझे एकविसाव्या. तेवढ्या वेळात ऊन सरकते, वारा फिरतो, वळणांवरचा बर्फ उखडतो. तिसऱ्या दशांश स्थळावर आपण खेळाडू मोजत नसून हवामान मोजत असू.

काटेकोर

हवामानाचाच आधार घ्यायचा असेल, तर तो शतांशालाही लागू पडतो. प्याँगचांग येथे २०१८ मध्ये सव्विसाव्या क्रमांकाने सुटलेल्या चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्काने सुपर-जी या उतारावरच्याच दुसऱ्या शर्यतीत ऑस्ट्रियाच्या आना फाइटला एका शतांशाने हरवले. तेव्हा हा विजय वाऱ्याचा आहे असे कोणी म्हटले नाही. ‘छाटणे’ या क्रियेचा परिणामही पाहा. ४१.५७० आणि ४१.५७९ यांच्यात नऊ सहस्रांशांचा फरक असूनही बरोबरी मानली जाते, ४१.५७९ आणि ४१.५८० यांच्यात एकाच सहस्रांशाचा फरक असून एक जिंकतो आणि दुसरा हरतो. म्हणजे सहस्रांशावर निकाल लावायला आपली ना नाही, फक्त तो कधी लावायचा हे आपण योगायोगावर सोडले आहे.

जुनाघड्याळी

छाटणीबद्दलचा आपला मुद्दा बिनतोड आहे, हे मान्य करावेच लागेल. मात्र तो सिद्ध काय करतो? सहस्रांशाची सीमा आखली तर हीच विसंगती दशसहस्रांशावर जाऊन बसेल. रेघ कुठे तरी ओढावीच लागते, आणि ती यंत्र किती बारीक मोजते यावर नव्हे, तर मैदान किती समान आहे यावर ओढावी, असे इतर खेळ अनुभवाने शिकले आहेत. म्युनिकमध्ये १९७२ साली ४०० मीटर वैयक्तिक मेडले जलतरणात गुन्नार लार्सनने टिम मॅकीला दोन सहस्रांशांनी हरवले. पुढे जलतरण शतांशावर आले, कारण तलावाच्या दोन मार्गिकांच्या लांबीतच त्याहून अधिक तफावत असू शकते. लेक प्लॅसिडला १९८० मध्ये १५ किलोमीटर क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये, म्हणजे जवळजवळ ४२ मिनिटांच्या शर्यतीत, थॉमस वासबर्गने युहा मिएतोला एका शतांशाने मागे टाकले. त्यानंतर त्या खेळाने वेळ दशांशापर्यंतच धरायचे ठरवले. यंत्रे सुधारत असताना मुद्दाम मागे आलेले हे दोन खेळ आहेत.

हिमरेषा

यात एक भर. सोचीतच पुरुषांच्या सुपर-जीमध्ये अमेरिकेचा बोडी मिलर आणि कॅनडाचा यान हुडेक यांची वेळ १ मिनिट १८.६७ सेकंद अशी सारखी लागली आणि कांस्यपदक दोघांना मिळाले. अल्पाइन स्कीइंगमधले कॅनडाचे ते २० वर्षांनंतरचे पहिले ऑलिंपिक पदक होते. सहस्रांश मोजून त्या दोघांतला एक रिकाम्या हाताने परत गेला असता.

काटेकोर

कोणाच्या हाती काय लागले यावरून नियम योग्य ठरत नाही, त्यामुळे हे शेवटचे उदाहरण मला पटलेले नाही. जलतरणाचे मात्र पटले. तरीही एवढे मागणे उरतेच: पदक विभागून द्या, पण नोंदलेला तिसरा अंक निकालपत्रकात छापा.

जुनाघड्याळी

तो छापला, तर दुसऱ्या दिवशी सगळी वर्तमानपत्रे दोघींपैकी एकीलाच ‘खरी विजेती’ म्हणतील. नियमाने बरोबरीत ठेवलेल्या खेळाडूला पत्रकाने पराभूत करायचे असेल, तर त्यापेक्षा आपली मूळ मागणी अधिक प्रामाणिक होती.