ठाणे-डोंबिवली-कल्याण पट्ट्यात छोट्यांना घेऊन कुठे कुठे जाता? अनुभव लिहा

निशिगंधा:
काल रिक्षाने घरी येत होते, सिग्नलला थांबलो तर तलावपाळीच्या कठड्याशी एक बाबा आपल्या चिमुरडीला कडेवर घेऊन बोटी दाखवत होता आणि ती प्रत्येक बोटीला टाटा करत होती. मला एकदम माझे बाबा आठवले. आम्ही तेव्हा डोंबिवलीला राहायचो, एका पगारात सगळं घर, त्यामुळे फिरायला जायचं म्हणजे एखाद्या रविवारी स्लो लोकलने ठाणं. स्टेशनवरून चालत तलावपाळी, बोटीची एक फेरी, ओली भेळ, कौपिनेश्वराला नमस्कार की परत. मे महिन्यात गडकरी रंगायतनला बालनाट्य असलं तर मग दिवाळीच. चेटकीण स्टेजवर आली की भाऊ खुर्चीखाली जाऊन बसायचा तो मध्यंतरात वड्यापुरता बाहेर यायचा.

आता माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. शनिवार आला की मॉलमधला प्लेझोन, तासाचे पैसे, मोजे वेगळे विकत घ्या, आणि बाहेर पडताना रडारड. मला मनापासून वाटतं की तिने पाणी, झाडं, रेल्वे, देऊळ असं खरं काहीतरी बघावं. अर्ध्या दिवसात जाऊन येता येईल, दुपारच्या झोपेच्या आत घरी पोचता येईल असं सांगा. आणि टॉयलेटची सोय आहे का ते लिहाच, सगळं त्यावर अडतं.

जुई_डोंबिवली:
अगदी अगदी! मोठं लिहायचंय पण कुकर लावलाय, येते.

आप्पा_कोपर:
निशिगंधाताई, माझा नातू चार वर्षांचा, त्याला कुठलीही बाग नको, गाड्या पाहिजेत. आम्ही दोघं प्लॅटफॉर्म तिकीट काढून कोपर स्टेशनला जातो. तिथे खाली मेन लाईन आणि वर पुलावरून दिवा-वसई लाईन, म्हणजे दोन मजली स्टेशन. खालून फास्ट लोकल धडधडत जाते आणि त्याच वेळी वरून मालगाडी, अशी वेळ जुळली तर नातवाची मान कुठे वळवू आणि कुठे नको अशी अवस्था होते. मालगाडीचे डबे मोजतो, वीसच्या पुढे एकोणतीसनंतर 'वीसदहा' म्हणतो, मी सुधारत नाही. घरी येऊन आजीला कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे असं ओळीने म्हणून दाखवतो. दुपारी अकरा ते चार गर्दी कमी असते तेव्हाच जावे. पिवळ्या रेघेच्या बऱ्याच मागे बाकावर बसावे आणि मुलाचा हात सोडू नये.

पारसिक:
आप्पा, एक नंबर. आमच्या लहानपणी दिवा सुटलं की फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरायची आणि डब्यातली झाडून सगळी पोरं ओरडायची, मोठी माणसंसुद्धा हसायची. १९१६ चा बोगदा, सव्वा किलोमीटरच्या वर लांबी. पण फेब्रुवारी २०२२ ला ठाणे-दिवा पाचवी सहावी लाईन चालू झाली तेव्हापासून फास्ट लोकल मुंब्रा-कळव्यावरून जातात आणि बोगदा मेल एक्स्प्रेसच्या वाट्याला गेला. त्यामुळे माझ्या मुलीला लोकलमधून बोगदा बघायलाच मिळाला नाही. मग मुद्दाम पुण्याला एक्स्प्रेसने नेलं. ठाणं सुटल्यावर पारसिक, आणि पुढे कर्जतनंतर घाटात तर बोगदेच बोगदे, ती ओरडून ओरडून लोणावळ्यापर्यंत घसा बसवून मोकळी झाली.

घोडबंदरकर:
मुलगी ओरडली तर समोरच्यांनी काही म्हटलं नाही?

पारसिक:
समोर एक आजी होत्या, तिसऱ्या बोगद्यापासून त्या पण ओरडायला लागल्या.

जुई_डोंबिवली:
आले. आमचं आवडतं ठिकाण म्हणजे अंबरनाथचं शिवमंदिर. अंबरनाथ पूर्वेला उतरून रिक्षा. शिलाहारांच्या काळातलं, शके ९८२ म्हणजे १०६० सालचा शिलालेख आहे तिथे, वालधुनीच्या काठावर. मोठ्यांना शिल्पं बघायची असतात पण मुलांना काय करायला द्यायचं तर भिंतीच्या खालच्या बाजूला हत्तींची रांग कोरलेली आहे, बरोबर त्यांच्या उंचीला. माझा लेक देवळाला सगळीकडून फिरत एकेका हत्तीच्या सोंडेला नाव देत होता, शाळेतल्या मित्रांची नावं संपली तेव्हा शेजाऱ्यांची सुरू केली. गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, आत गार आणि अंधार, आणि वर बघितलं तर शिखर पूर्ण नसल्याने आभाळ दिसतं. त्याने विचारलं, पाऊस आला की देव भिजतो का. पुजारीकाकांनी सांगितलं, भिजतो की, त्याला आवडतं.
पायऱ्या ओल्या असतात, कडेवर घेऊनच उतरा. महाशिवरात्रीला लहान मूल घेऊन अजिबात जाऊ नका, प्रचंड यात्रा असते. श्रावणी सोमवार पण टाळा. टॉयलेट स्टेशनजवळच उरकून घ्या.

निशिगंधा:
जुई, इतकी वर्षं इथे राहून हे देऊळ बघितलं नाही गं मी. या रविवारी नक्की.

तात्या_कल्याण:
या रविवारी मेगाब्लॉक बघून घ्या आधी.

कढीपत्ता:
घोडबंदर रोडला ओवळ्याला ओवळेकर वाडी आहे, फुलपाखरांची बाग. काचेत वगैरे ठेवलेली नाहीत, वाडीत त्यांना लागतील ती झाडं लावलीत म्हणून येतात. आम्ही ऑक्टोबरमध्ये गेलो, पावसाळा सरल्यावर जावं, आणि सकाळीच, ऊन चढलं की मुलंही कंटाळतात. पिकून काळं पडलेलं केळं ठेवलं होतं त्यावर फुलपाखरं बसून रस पीत होती, हे माझ्या जुळ्यांना फारच आवडलं कारण त्यांच्या मते काळं केळं टाकून द्यायचं असतं. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, २०१५ पासून, ते पण दिसलं, काळ्या मखमलीवर निळे पट्टे.
घरी आल्यावर खरी मजा. कुंडीतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी होतं, मी झटकणार तेवढ्यात धाकटीने ओरडून थांबवलं. अळी होती! आठवडाभरात ती हिरवीगार झाली, बोट जवळ नेलं की डोक्यातून लालसर शिंगं बाहेर काढायची आणि उग्र वास सोडायची. मग कोष. आम्ही फोडणीला कढीपत्ता विकत आणत होतो कारण घरचा अळीसाठी राखीव.

सई_न:
कॉमन मॉरमॉन असणार ती. लिंबाच्या रोपावर पण येतात. निघालं का फुलपाखरू?

कढीपत्ता:
हो सकाळी साडेसहाला. शाळेची बस चुकवली आम्ही सगळ्यांनी मिळून.

आरवची_आई:
लिहू की नको असं वाटत होतं पण लिहिते. माझा मुलगा सात वर्षांचा आहे, स्वमग्न आहे. आमच्यासाठी 'फॅमिली फ्रेंडली' म्हणून जी ठिकाणं सांगतात ती बहुतेक उपयोगाची नसतात, कारण तिथे मोठ्याने गाणी, दिवे, बाकीच्या मुलांची धक्काबुक्की असते आणि तो कानांवर हात ठेवून खाली बसतो. एका प्लेझोनमध्ये आम्हाला 'बाकीच्यांना त्रास होतो' म्हणून बाहेर जायला सांगितलं होतं. आता आम्ही ठाण्यातल्या उपवन तलावाला जातो, आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी सातच्या सुमारास. मागे येऊरचा डोंगर, समोर पाणी. तो रेलिंगच्या एकेका गजाला हात लावत चालतो, एखादा सुटला तर परत मागे जाऊन लावतो. घाई केली नाही की खूप आनंदात असतो. तिथे रोज चालायला येणारे एक काका आता त्याच्यासाठी रेलिंगपासून लांबून जातात आणि नुसता हात वर करतात. परवा आरवने पण हात वर केला. रविवारी संध्याकाळी मात्र उपवन आणि तलावपाळी दोन्ही आम्हाला शक्य नाही.

निशिगंधा:
लिहिलंत ते फार बरं झालं. त्या प्लेझोनवाल्यांचा संताप आला वाचून. सकाळी सातचं उपवन मलाही हवंय, कधी आलो तर चालेल का? लांबूनच हात वर करू.

आरवची_आई:
चालेल ना. बुधवारी असतो आम्ही.

घोडबंदरकर:
ताई तुम्हाला आणि आरवला खूप प्रेम. माझ्या भाचीलाही आवाजाचा त्रास होतो, ते मोठे कानावरचे हेडफोन घेतलेत, बरेच कामी येतात, रेल्वेच्या भोंग्याला सुद्धा.

सई_न:
ऐरोलीचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र कोणी कसं लिहिलं नाही? तिथून ठाणे खाडीत फ्लेमिंगो बघायला बोट जाते. साधारण नोव्हेंबर ते मे. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते त्यामुळे आज दहाला तर उद्या भलत्याच वेळेला, आधी विचारून बुकिंग करूनच जा. हजारोंनी असतात, पण माझ्या मुलाचं लक्ष कुठे, तर त्यातल्या मळकट राखाडी पिल्लांवर. 'ही का नाही गुलाबी?' गाईडनी सांगितलं की खाडीतलं शेवाळ वगैरे खाऊन हळूहळू रंग येतो. त्या दिवसापासून बीट गपचूप खातोय, गुलाबी व्हायचंय म्हणून. बोटीत चढायच्या आधी टोपी, पाणी आणि शू. बोटीत काही सोय नाही.

तात्या_कल्याण:
बीटचं वाचून नातीवर प्रयोग केला. ती म्हणाली मला राखाडीच राहायचंय.

मीरा_परदेशी:
मी मूळची डोंबिवलीची, आता न्यू जर्सीला. डिसेंबरात तीन आठवडे येतोय, मुलं पाच आणि दोन वर्षांची. आई म्हणते राणीची बाग दाखव. लोकलने न्यावं का? मुलांना लोकल दाखवायचीच आहे पण भीती वाटते.

जुई_डोंबिवली:
आण गं बिनधास्त. अकरा साडेअकराची स्लो पकड, लेडीज डब्यात बस, मुलांना खिडकी मिळेल आणि बायका आपणहून मांडीवर घेतील. भायखळ्याला पूर्वेला उतरून चालत जाता येतं. बुधवारी बंद असते हे लक्षात ठेव. २०१७ पासून पेंग्विन बघायला मिळतात, एसी मध्ये, मुलांबरोबर आईवडील पण तिथून हलत नाहीत. जुनी झाडं अफाट आहेत. बाबागाडी आणू नकोस, स्टेशनच्या जिन्यात आणि फुटपाथवर नुसती उचलावी लागते. धाकट्याला ती पोटाशी बांधायची बॅग बरी.

पारसिक:
पाच वर्षांखाली तिकीट नाही, मोठ्याला पाच पूर्ण असतील तर अर्धं काढा.

मीरा_परदेशी:
थँक्यू दोघांना! जुई तू कुठल्या शाळेची? फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे नटून उभं राहायचो ते आठवलं एकदम.

जुई_डोंबिवली:
हाहा, शाळेचं इथे नको, निरोप टाकते वेगळा. फडके रोड अजून तस्साच, आता लेकाला कुर्ता घालून नेते, गर्दी व्हायच्या आत गणपतीचं दर्शन आणि परत.

घोडबंदरकर:
बोरिवलीचं नॅशनल पार्क घोडबंदरहून बसने सोपं पडतं. सोमवारी बंद. वनराणी, ती छोटी आगगाडी, मे २०२१ च्या तौक्ते वादळात मोडली होती, तेव्हा मुलांना आगगाडीचं आमिष दाखवण्याआधी चौकशी करा. गाडी नसली तरी ओढ्याकाठी दगडावर बसून डबा खायला मिळतो, आमची पोरं त्यावरच खूश. माकडांपासून डबा जपा, हातात पिशवी दिसली की संपलं. खायला कोण काय नेतं? आमच्याकडे सँडविच गाडीतच लगदा होतं.

कढीपत्ता:
तिखटमिठाच्या पुऱ्या. दुसरं काही नकोच.

घोडबंदरकर:
माझ्या वातड होतात.

कढीपत्ता:
कणीक दोन वाट्या, पाव वाटी बेसन, दोन चमचे बारीक रवा, ओवा हातावर चोळून, तीळ, हळद, मीठ, मुलांच्या बेताने तिखट. दोन चमचे तेल कडकडीत तापवून मोहन घाला, कोमट चालणार नाही. घट्ट भिजवा, वीस मिनिटं झाका. जरा जाडसर लाटायच्या. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफेनेच वातड होतात. दुसऱ्या दिवशी पण मऊ राहतात. बरोबर गूळ-तूप किंवा लिंबाचं गोड लोणचं.

आप्पा_कोपर:
आमच्या सौ. त्यात मुठभर मेथी घालतात. नातू पानं वेचून काढतो तरी घालतात.

तात्या_कल्याण:
मेगाब्लॉक बघितला का कोणी?

पारसिक:
शनिवारी जाहीर करतात तात्या, आला की टाकतो इथे.