ग्लेन गूल्डने मैफली सोडल्या, म्हणजे पियानोवादन सोडले काय?

काळी चार: कालच्या चर्चेत एका सदस्यांनी लिहिले की, कॅनडाचा पियानोवादक गूल्ड हा स्टुडिओत दडून बसलेला भित्रा माणूस होता आणि श्रोत्यांसमोर एका दमात न वाजवता ध्वनिमुद्रणाची फीत कापून जोडणाऱ्याला पियानोवादक म्हणू नये. याला दोन ओळींत उत्तर देणे मला शक्य नव्हते, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे.

१० एप्रिल १९६४ रोजी लॉस एंजेलिस येथे गूल्डने शेवटची जाहीर मैफल केली. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता आणि त्याला आमंत्रणांची वानवा नव्हती. त्याआधी दोनच वर्षे, न्यूयॉर्कमध्ये ब्राम्सचा डी मायनर कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) त्याने इतक्या संथ लयीत वाजवायचे ठरवले, की या मांडणीशी आपण सहमत नसल्याचे वाद्यवृंद-संचालक बर्नस्टाइनने वादनापूर्वीच श्रोत्यांना सांगितले. तरीही गूल्डने लय बदलली नाही. भित्रा माणूस असे धाडस करत नसतो.

राहिला फीत कापून जोडण्याचा आरोप. बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर’ या रचनासंग्रहाच्या पहिल्या खंडातील ए मायनर फ्यूगचे (एकच विषय वेगवेगळ्या आवाजांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या रचनेचे) सहावे आणि आठवे टेक, म्हणजे एकाच रचनेची दोन वेगळी मुद्रणे, त्याला सुरुवातीला सारखेच समाधानकारक वाटले होते. एक गंभीर, स्वराला स्वर जोडून वाजवलेला. दुसरा तुटक आणि चंचल. काही आठवड्यांनी ऐकल्यावर मात्र दोन्ही एकसुरी वाटू लागले, तेव्हा त्याने आरंभ आणि शेवट सहाव्यातून घेतला व मधला भाग आठव्यातून. यात कोणती चूक झाकली गेली, हे आक्षेप घेणाऱ्यांनी दाखवून द्यावे.

पांढरी दोन: ते वाक्य माझेच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. गूल्ड १९५७ मध्ये मॉस्कोला गेला तेव्हा कन्झर्व्हेटरीच्या मोठ्या सभागृहात पूर्वार्धाला कितीतरी खुर्च्या रिकाम्या होत्या. मध्यंतरात लोकांनी ओळखीच्यांना फोन करून बोलावले आणि उत्तरार्धाला सभागृह भरून गेले. हे सामर्थ्य त्याच्याजवळ होते, म्हणूनच मला त्याचा राग येतो. समोर माणसे बसलेली असतात, हातून निघालेला स्वर परत घेता येत नाही, आणि तरीही पुढच्या वाक्यात धोका पत्करायचा असतो. वादकाची कसोटी तिथेच लागते. दोन टेक जोडून फ्यूग उत्तम होईलही, परंतु तो कोणी कधी वाजवलेलाच नसतो.

मेट्रोनोम: ‘कोणी कधी वाजवलेलाच नसतो’ हे विधान तपासून पाहावे. पियानोवादक होरोविट्झ १२ वर्षांच्या खंडानंतर ९ मे १९६५ रोजी कार्नेगी हॉलमध्ये परतला आणि बुसोनीने पियानोसाठी रूपांतरित केलेल्या बाखच्या रचनेच्या पहिल्याच ओळींत त्याचे स्वर चुकले. त्या मैफलीची जी तबकडी निघाली, तिच्यात काही जागा दुरुस्त केलेल्या होत्या. दुरुस्तीविना ती मैफल २००३ मध्ये बाजारात आली. म्हणजे प्रत्यक्ष मैफलीचा पुरावा म्हणून अनेकांनी जे वर्षानुवर्षे ऐकले, त्यालाही कात्री लागलेली होती. गूल्डने निदान आपली कात्री लपवली नाही.

पेडल: आपण सारे फितीवर भांडता आहात, व्यासपीठावरचा खरा जुलूम पाठांतराचा आहे, याविषयी कोणी अवाक्षर काढत नाही. माझी धाकटी बहीण एका स्पर्धेत फ्यूग वाजवताना मध्येच अडली. फ्यूगमध्ये विषय पुन्हा येतो, पण प्रत्येक वेळी वेगळ्या वाटेने निघतो, आणि बोटे एकदा चुकीच्या वाटेला लागली की परत यायला जागा नसते. समोर स्वरलिपी असती तर ती दोन मात्रांत सावरली असती. परीक्षकांनी तिच्या स्वरनादाविषयी एक शब्दही लिहिला नाही, आणि त्यानंतर ती कधी व्यासपीठावर गेली नाही. १८३० च्या दशकात जर्मन पियानोवादिका क्लारा विक, म्हणजे पुढची क्लारा शूमान, स्वरलिपीविना वाजवू लागली, तेव्हा काहींना तो उद्धटपणा वाटला होता. आज तीच गोष्ट पात्रतेची अट झाली आहे!

पांढरी दोन: आपल्या बहिणीविषयी मला मनापासून वाईट वाटते, परंतु एका घरातील दुःखावरून सर्व वादकांसाठी नियम ठरवता येत नाही. रचना पाठ झाल्याशिवाय ती अंगात भिनत नाही. डोळे कागदावर खिळलेला वादक ऐकतो कमी आणि वाचतो जास्त.

पेडल: मी नियम मागितलाच नाही, नियम आपण लादता आहात, आणि तेही सहानुभूतीचा सूर लावून! उत्तरायुष्यात सोव्हिएत पियानोवादक रिख्तर काळोख्या सभागृहात एकाच दिव्याच्या उजेडात समोर स्वरलिपी ठेवून वाजवत असे. त्याचे एक कारण म्हणजे, म्हातारपणी त्याच्या कानांना स्वर मूळ पट्टीपेक्षा वेगळे ऐकू येऊ लागले होते. तो कमी ऐकत होता, असे आपण त्याच्या श्राव्य मुद्रणांसमोर बसून म्हणू शकाल काय? ब्रिटिश पियानोवादिका मायरा हेसनेही उत्तरकाळात समोर स्वरलिपी ठेवली होती.

पांढरी दोन: रिख्तरने तोवर कित्येक दशके सारे पाठ वाजवले होते. त्याला ती सवलत शोभते. विशीतल्या स्पर्धकाला नव्हे.

पेडल: म्हणजे आधी भीतीने निम्मे गळून पडावेत आणि उरलेल्यांना म्हातारपणी दिवा मिळावा. हा न्याय मला मान्य नाही.

मेट्रोनोम: पेडल यांचा मुद्दा मला अर्धाच पटतो. पाठांतराने बोटे मोकळी होतात हे खरेच आहे. परंतु त्याची सक्ती करण्याचे सांगीतिक कारण अद्याप कोणी दिलेले नाही.

काळी चार: मूळ प्रश्नाकडे येऊ. व्हायोलिनवादक आपले वाद्य काखोटीला मारून फिरतो. पियानोवादकाला गावोगावी परक्या वाद्यावर बसावे लागते. गूल्डचा लाडका स्टाइनवे पियानो, क्रमांक सीडी ३१८, बोटांनी दाबायच्या हलक्या पट्ट्यांचा होता. १९७१ मध्ये वाहतुकीत त्याची मोडतोड झाली आणि दुरुस्तीनंतरही तो पूर्वीसारखा झाला नाही. ज्याला एका विशिष्ट पट्टीच्या वजनातून बाखचे चार आवाज (एकाच वेळी चालणाऱ्या स्वरओळी) सुटे करून ऐकवायचे होते, त्याने एका खोलीत राहणे पसंत केले, हा कलेचाच निर्णय होता.

पांढरी दोन: वाद्याचा मुद्दा मी नाकारत नाही. गूल्डने केलेले बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’चे १९५५ चे मुद्रण सुमारे ३८ मिनिटांचे आहे आणि १९८१ चे ५१ मिनिटांचे. त्यात काही पुनरावृत्त्यांचा वाटा असला, तरी दुसऱ्या मुद्रणातील लयींचे परस्परसंबंध रोजच्या प्रवासात सुचले असते, असे मलाही वाटत नाही. तेव्हा ‘भित्रा’ हा शब्द मी नाइलाजाने मागे घेतो. परंतु १९८१ मधले ते वादन एका संध्याकाळी, एकसलग, श्रोत्यांसमोर कसे झाले असते, हे आपल्याला कधीच ऐकता येणार नाही, आणि त्याबद्दल मी गूल्डला क्षमा करणार नाही.