मदत हवी आहे: कोशकार साहेबाच्या आडनावाचा अर्थ आणि आजची संख्या (तातडीचं)

चाफेकळी, रात्री ८:४०

नमस्कार. थेट विचारते. आपल्या शब्दकोशवाल्या साहेबाच्या आडनावाचा अर्थ काय, आणि ते आडनाव लावणारी माणसं आज किती आहेत? इंग्रजांतही हे आडनाव क्वचित आढळतं असं वाचलंय. दोन संकेतस्थळांवर दोन आकडे मिळाले. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही आणि कुठून काढले ते दोन्हीकडे दिलेलं नाही. आमच्या प्रदर्शनातल्या फलकाचा मजकूर उद्या सकाळी अकराच्या आत फ्लेक्सवाल्याकडे जायला हवा. आमच्या समितीतल्या काकांनी जो अर्थ लिहून दिलाय तो मला अजिबात छापायचा नाही. नक्की माहीत असेल त्यांनीच लिहा, प्लीज.

पाटीपेन्सिल, ८:५२

कोणता साहेब? मोल्सवर्थ की कँडी? आणि कँडी असेल तर जॉर्ज की थॉमस? कोशाच्या कामात दोघेही होते. थॉमस कँडींचं नाव फलकावर यायलाच हवं. मराठीत विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय त्यांना जातं. आपण इथे स्वल्पविराम देऊन जे लिहितोय ती त्यांची देणगी आहे.

चाफेकळी, ८:५५

मोल्सवर्थ हो! मराठी-इंग्रजी शब्दकोशवाला साहेब म्हटल्यावर दुसरं कोण डोळ्यांपुढे येतं? कँडींचा फलक वेगळा आहे आणि तो छापून झाला.

उत्तरवारा, ९:०३

ताई, "आज किती" म्हणजे कुठे? इंग्लंडात, सगळ्या ब्रिटनमध्ये, आयर्लंड धरून, की जगभर? आणि काकांनी काय अर्थ लिहिलाय ते सांगा, म्हणजे तो खोडता तरी येईल.

चाफेकळी, ९:१०

किती म्हणजे किती, एक आकडा हवा. काकांचं वाक्य असं आहे: "मोल म्हणजे चिचुंद्री. शेतातल्या चिचुंद्र्या पकडणाऱ्या घराण्याला हे आडनाव पडले." ज्या माणसानं आपल्या भाषेसाठी उमेद वेचली त्याच्याबद्दल असं काहीतरी ठोकून द्यायला माझं मन घेत नाही.

व्युत्पत्तीवेडा, ९:१८

चिचुंद्री नव्हेच. संस्कृत "मूल्य", त्यावरून मराठी "मोल". आणि इंग्रजीत "वर्थ" म्हणजेही मोलच. एकाच आडनावात दोन्ही भाषांतला एकच अर्थ आलाय, हा योगायोग असूच शकत नाही. भाषांचं मूळ एक असल्याचा हा ढळढळीत पुरावा आहे. मी यावर चाळीस पानी टिपण केलंय, हवं असेल तर पाठवतो.

थेम्सकाठ, ९:४१

चाफेकळीताई, मोल्सवर्थ हे गावाचं नाव आहे. केंब्रिजशायरमध्ये, पूर्वीच्या हंटिंग्डनशायरमध्ये, ए-१४ रस्त्याच्या जवळ हे छोटं खेडं आहे. शेजारच्या हवाई तळालाही गावाचंच नाव आहे. १९८० च्या दशकात तिथे क्रूझ क्षेपणास्त्रांविरुद्ध शांतता शिबिर भरलं होतं, त्यामुळे इथल्या जुन्या लोकांना नाव ओळखीचं असतं. १०८६ च्या डोम्सडे बुकात, म्हणजे विल्यम राजानं करवून घेतलेल्या जमिनीच्या पाहणीत, गावाची नोंद आहे.

आता अर्थ. शेवटचं "वर्थ" म्हणजे किंमत नव्हे. जुन्या इंग्रजीत तसाच दिसणारा दुसरा शब्द होता, त्याचा अर्थ कुंपण घातलेली जागा, त्यातलं घर-आवार. वाँड्सवर्थ म्हणजे वेंडेल नावाच्या माणसाचं आवार. केनिलवर्थ कायनेहिल्ड नावाच्या बाईचं. तसं मोल्सवर्थ म्हणजे मूल नावाच्या माणसाचं. "मूल" हे तेव्हा खरोखर वापरातलं नाव होतं. केंटचा एक राजा मूल ६८७ साली जाळून मारला गेला. त्याचा या खेड्याशी संबंध नाही, पण नाव खरं आहे एवढं त्यावरून कळतं.

गावावरून आडनाव कसं पडलं ते मराठी माणसाला समजवायला नको. माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला की तिथले लोक त्याला गावाच्या नावानं ओळखतात. आपण "कर" लावतो, ते नुसतं गाव लावतात. गावातल्या गावात कुणी कुणाला मोल्सवर्थ म्हणणार नाही, सगळेच तिथले. म्हणून अशा आडनावाची माणसं मूळ गावात कमी आणि बाहेर जास्त सापडतात.

व्युत्पत्तीवेडा, ९:५०

दोन वेगळे शब्द योगायोगानं एकसारखे दिसतात हे तुम्ही मानता, मग माझा योगायोग का चालत नाही?

थेम्सकाठ, ९:५८

कारण माझ्याकडे त्याच घडणीची डझनभर गावं आहेत आणि प्रत्येकात पुढे माणसाचं, नाहीतर नदीचं नाव येतं. टॅमवर्थ टेम नदीवरचं. "मोल" संस्कृतातून हंटिंग्डनशायरच्या शेतात कसं पोचलं ते दाखवा, मी माझं लिहिलेलं मागे घेईन.

जनुकवाट, १०:०५

कागदपत्रांत किती दिवस घालवणार? डीएनए चाचणी करा. लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांचा २००९ चा अभ्यास वाचा. ४० इंग्रजी आडनावं, १,६७८ पुरुष. स्मिथ आडनावाच्या पुरुषांत एकमेकांशी काही नातं दिसेना, रस्त्यातून कुणालाही उचलावं तसे. पण ॲटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावात बहुतेकांचं वाय गुणसूत्र, जे बापाकडून मुलाकडे जातं, एकाच घराण्याचं निघालं. म्हणजे आडनाव जितकं दुर्मीळ तितकी मूळपुरुष एकच असण्याची शक्यता जास्त. मोल्सवर्थांचंही तसंच असणार.

उत्तरवारा, १०:११

अभ्यास चांगलाच आहे, पण ताईंना उद्या अकराला मजकूर द्यायचाय. थुंकी कुणाची घ्यायची आणि निकाल कधी यायचा?

जनुकवाट, १०:१४

मी पुढच्या प्रदर्शनासाठी सांगतोय. आणि "असणार" हा माझा अंदाज आहे, तो फलकावर छापू नका.

हिरवीदरी, १०:२०

मी वेलिंग्टनला राहते. आमच्या संसदेसमोरच्या रस्त्याचं नाव मोल्सवर्थ स्ट्रीट! पण तो सर विल्यम मोल्सवर्थच्या नावानं, जो १८५५ मध्ये ब्रिटनचा वसाहतमंत्री झाला. दक्षिण बेटावर मोल्सवर्थ स्टेशन नावाचं देशातलं सगळ्यांत मोठं शेत-कुरण आहे, सुमारे १,८०,००० हेक्टर. उन्हाळ्यात तिथला रस्ता उघडतो तेव्हा आम्ही गेलो होतो, दिवसभर गाडी चालवली तरी कुरण संपत नाही. कुणी न्यूझीलंडला येणार असेल तर जरूर जा.

चाफेकळी, १०:२४

सगळ्यांचे आभार, अर्थाचा प्रश्न सुटला. पण आकडा? मला अजून आकडा कुणी दिलेला नाही!

उत्तरवारा, १०:३७

म्हणूनच मी मघाशी "कुठे" विचारलं. ताई, तुम्ही पाहिलेल्या दोन्ही ठिकाणी "अंदाजे" असा शब्द बारीक अक्षरात आहे का ते बघा. ब्रिटनमध्ये आडनावनिहाय मोजणी दरवर्षी जाहीर होत नाही. जनगणनेतली नावं १०० वर्षं कुलूपबंद असतात. १९२१ ची जनगणना जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ ची इंग्लंड-वेल्सची कागदपत्रं १९४२ च्या आगीत गेली. १९४१ ला युद्धामुळे जनगणना झालीच नाही. म्हणजे पुढची, १९५१ ची, थेट २०५२ मध्ये खुली होणार. मधल्या काळासाठी ही संकेतस्थळं दूरध्वनीच्या वह्या, मतदारयाद्या असं मिळेल ते घेऊन गुणाकार करतात. हजारो माणसांच्या आडनावाला ते खपून जातं, मूठभर माणसांच्या आडनावाला नाही. यादीत चार घरं कमी-जास्त झाली की आकडा इकडचा तिकडे.

अमेरिकेत जनगणना खातं यादी देतं, पण २०१० च्या यादीत किमान १०० माणसांचीच आडनावं आहेत. तरी ती १,६२,२५३ भरतात. पहिला नंबर स्मिथ, २४,४२,९७७.

तुम्हाला खरा, मोजलेला आकडा हवा असेल तर इंग्लंड-वेल्सची १८८१ ची जनगणना घ्या. तिची पूर्ण सूची स्वयंसेवकांनी उतरवली आहे आणि फुकट शोधता येते. त्या वर्षी तिथली एकूण लोकसंख्या २,५९,७४,४३९ होती, तेव्हा प्रमाणही काढता येईल.

चाफेकळी, ११:२०

शोधून बसले. आणखी गोंधळ. कुठे शेवटचं अक्षर गळलंय, कुठे मधे "ड" आलाय. जन्मगावाच्या रकान्यात मोल्सवर्थ असलेली माणसंही यादीत येतायत, त्यांची आडनावं भलतीच. आणि साहेब स्वतः तर कुठेच नाहीत.

उत्तरवारा, ११:२६

साहेब १८७१ मध्येच वारले, १८८१ मध्ये कसे सापडतील? हे आधी विचारलं असतंत तर अर्धा तास वाचला असता.

थेम्सकाठ, ११:३४

"ड" वाल्यांना यात धरू नका. चेशायरमध्ये मोल्ड्सवर्थ नावाचं वेगळं गाव आहे, ते आडनाव तिथलं असू शकतं. उलट मोल्सवर्थ-सेंट ऑबिन असं जोडआडनाव लावणारं कॉर्नवॉलच्या पेनकॅरोचं घराणं आहे, ते धरायचं की नाही ते तुम्ही ठरवा. शिवाय इंग्लंडची मोजणी केली तरी आयर्लंड राहतंच. रॉबर्ट मोल्सवर्थला १७१६ मध्ये व्हायकाउंट केलं ते आयर्लंडच्या सरदारवर्गात. डब्लिनला मोल्सवर्थ स्ट्रीट आहे. तिथल्या १९०१ आणि १९११ च्या जनगणना फुकट बघता येतात. १८६१ ते १८९१ च्या आयरिश जनगणना सरकारनंच नष्ट केल्या, त्यामुळे १८८१ साठी दोन्ही बेटांची बेरीज कुणालाच करता येणार नाही.

एक सुचवतो. "आज इतकी माणसं" ही ओळ काढून टाका. साल आणि जागा नसलेला आकडा छापलात तर पुढची दहा वर्षं लोक तुमच्या फलकाचा हवाला देतील.

चाफेकळी, ११:३८

पण काका म्हणतात, आकडा असला की लोक थांबून वाचतात.

सातवाक्षर, ११:४५

थांबून वाचण्यासारखं दुसरं देतो. तुमच्याकडे कोश आहे ना? त्यात "वाडी" शब्द काढा.

चाफेकळी, ११:५८

माझ्याकडे १९७५ ची शुभदा-सारस्वतची आवृत्ती आहे, ती काढली. अंगावर काटा आला. पहिला अर्थ दिलाय कुंपण घातलेली कुरणाची किंवा बागायतीची जमीन. दुसरा अर्थ शेतकऱ्यांच्या झोपड्यांचा पुंजका, खेडं. म्हणजे जुन्या इंग्रजीतला तो "वर्थ" आणि आपली "वाडी" एकाच वाटेनं गेलेत! आधी कुंपण, मग आतलं घर, मग वस्ती. मोल्सवर्थ म्हणजे मूलची वाडी. आणि "वाडी"चा हा अर्थ आपल्यासाठी टिपून ठेवला तो त्या आडनावाच्या माणसानं.

व्युत्पत्तीवेडा, रात्री १२:०६

हे मात्र सुंदर आहे. माझा मुद्दा मी सोडलेला नाही, पण हे छापा.

पाटीपेन्सिल, १२:१०

छापा, पण एकट्या साहेबाचा जयजयकार नको. १८२९ चा "महाराष्ट्र भाषेचा कोश" शास्त्रीमंडळींनी केला, जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि त्यांचे सहकारी. साहेबाचा १८३१ चा मराठी-इंग्रजी कोशही शास्त्र्यांच्या हातांनीच उभा राहिला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द सुमारे ६०,००० वर गेले. त्यातला एकेक शब्द सांगणारी माणसं इथली होती. साहेबाच्या आडनावाचा अर्थ शोधायला आपण रात्रीचे बारा वाजवले, क्रमवंत या आडनावासाठी किती वेळ दिला?

थेम्सकाठ, १२:१५

हा मुद्दा धाग्याच्या विषयाबाहेरचा आहे.

पाटीपेन्सिल, १२:१६

फलकाच्या विषयाबाहेरचा नाही.

जनुकवाट, १२:२१

क्रमवंत हे वेदपठणावरून. क्रमपाठ म्हणणारा तो क्रमवंत, जसा घनपाठ म्हणणारा घनपाठी. आमच्या आजोळी शेजारी एक घनपाठी होते, पहाटे त्यांचा आवाज आमच्या ओसरीवर यायचा.

चाफेकळी, सकाळी ७:१५

रात्री झोप लागली नाही, पहाटे उठून मजकूर नव्यानं लिहिला. आकड्याची ओळ काढली. चिचुंद्री काढली, आणि काकांना सहा वाजता फोन करून का काढली ते सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी "वाडी"चं पान मला मोठ्यानं वाचायला लावलं आणि दुसऱ्यांदा वाचायला सांगितलं. पाटीपेन्सिल, क्रमवंतांचं नाव दुसऱ्या ओळीत घेतलंय, आणि "क्रमपाठ म्हणणारा" हेही.

आमच्याकडे १८५७ ची एक प्रत आहे. कडा वाळवीनं खाल्ल्यात, पाठीला कुणीतरी जाड खादी चिकटवलीय, पण आतली अक्षरं काळीभोर आहेत. ती काचेच्या पेटीत मुखपृष्ठ दिसेल अशी ठेवणार होतो. आता "वाडी"च्या पानावर उघडी ठेवतोय, शेजारी मोल्सवर्थ गावाचा छोटा नकाशा. थेम्सकाठ, नकाशा तुम्ही पाठवलात त्याबद्दल खूप आभार. बाकी सगळ्यांचेही. निघते, फ्लेक्सवाला दहाला दुकान उघडतो.

उत्तरवारा, ७:३२

ताई, प्रदर्शन कुठल्या गावात आहे आणि किती तारखेपर्यंत, ते तुम्ही अजून कुठेच लिहिलेलं नाही.